बघणाऱ्याच्या फोनपासून मागे

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले शिक्षक, कॉम्प्युटर क्लास चालवणारे आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारे ऑपरेटर एक प्रश्न नेहमी विचारतात: शिकवण्याचे व्हिडिओ करायचे आहेत, स्क्रीन रेकॉर्ड करायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? उत्तर एका नावात देता येते. पण नुसते नाव घेऊन गेलेली माणसे दोन-तीन व्हिडिओ करतात आणि थांबतात, कारण व्हिडिओ ज्याच्यासाठी केला त्याच्या तो उपयोगी पडत नाही. वाडीवरच्या लहान फोनवर अक्षरे वाचता येत नाहीत. फाइल एवढी मोठी असते की उतरतच नाही. दहा मिनिटांतले कामाचे अर्धे मिनिट शोधता शोधता बघणारा कंटाळतो. म्हणून या पुस्तिकेने क्रम उलटा धरला आहे. व्हिडिओ कोण बघणार, कोणत्या फोनवर, किती रेंजमध्ये, हे आधी ठरवायचे. त्यावरून फाइल केवढी, अक्षर केवढे, आवाज कसा ते ठरते आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. या क्रमाने गेलात तर निवड बरीचशी आपोआप होते.

सुरुवातीलाच सांगतो की शिकवण्याच्या प्रत्येक व्हिडिओला स्क्रीन रेकॉर्डिंग लागत नाही. भागाकार शिकवायचा असेल तर कागद, पेन आणि वरून धरलेला मोबाइल पुरतो. सलमान खान यांनी २००४ मध्ये दूर राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून खान अकॅडमी उभी राहिली. त्यांच्या सुरुवातीच्या व्हिडिओंत पेन टॅब्लेटवर लिहिलेली आकडेमोड आणि आवाज एवढेच असे. चेहरा नव्हता, सजावट नव्हती. स्क्रीन रेकॉर्डिंग खरे कामाला येते ते जिथे शिकायची गोष्टच स्क्रीनवर घडते तिथे: टॅलीतली नोंद, एक्सेलमधले सूत्र, जिओजेब्रातला त्रिकोण, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा काढण्याची पद्धत. अशा वेळी फळ्यावर काढलेले चित्र अपुरे पडते. बटण कुठे आहे, दाबल्यावर काय उघडते, चुकीचे दाबले तर परत कसे यायचे, हे डोळ्यांनीच बघावे लागते.

या भागात ही गरज एकदम अंगावर आली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू केला आणि दीक्षा अॅपवरच्या धड्यांच्या लिंका व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दक्षिण रायगडातल्या कित्येक गावांत बरेच दिवस लाईट नव्हती. शाळा फोनवर आली आणि फोन चार्ज करायचीच सोय गेली. पुढे अनेक शिक्षकांनी जे हाताशी होते त्यावर स्वतःचे व्हिडिओ करायला घेतले आणि हाताशी होता तो मोबाइल. त्या काळात मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड करण्यासाठी डीयू रेकॉर्डर हे अॅप बरेच चालत असे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अॅपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक आणि कॅमस्कॅनरबरोबर डीयू रेकॉर्डरही होते. बंदी योग्य की अयोग्य हा इथला विषय नाही. पण कोणत्याही एका अॅपवर आपली सगळी मेहनत टांगून ठेवू नये, व्हिडिओची मूळ फाइल आपल्याकडे, कुठेही उघडेल अशा स्वरूपात असावी, हे तेव्हापासून या पुस्तिकेतल्या प्रत्येक निवडीमागे आहे.

महाराष्ट्रात स्क्रीन रेकॉर्डिंगने शिकवण्याचे सर्वांत शिस्तीचे काम शोधायचे तर ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सापडते. प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने उभा राहिलेला हा प्रकल्प लिब्रऑफिस, जिओजेब्रा, लिनक्स, पायथन अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. सुमारे दहा मिनिटांचा एक धडा, त्यात फक्त स्क्रीन आणि आवाज. स्क्रीन इंग्रजी राहते, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केले जाते. शिकणाऱ्याने व्हिडिओ स्क्रीनच्या एका बाजूला लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडायचे आणि सांगितले तसे स्वतः करत जायचे, अशी त्यामागची पद्धत आहे.

मला त्यांच्या तंत्रापेक्षा त्यांची तयारी अधिक मोलाची वाटते. रेकॉर्डिंगचे बटण दाबण्याआधी तिथे पूर्ण संहिता लिहिली जाते. ती दोन रकान्यांत असते: एका रकान्यात स्क्रीनवर काय दिसणार, दुसऱ्यात त्या क्षणी काय बोलायचे. मग ती संहिता ज्याला विषयातले काहीच येत नाही अशा नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. त्याला त्याबरहुकूम काम जमले तरच पुढे जायचे. आपल्याकडे नेमके याच्या उलट होते. आधी रेकॉर्डिंग सुरू, मग ‘हे बघा, इथे... नाही, थांबा, वर’ असे चाचपडणे, आणि नंतर ते चाचपडणे कापून काढण्यासाठी महागड्या एडिटिंगची शोधाशोध. संहिता नीट असेल तर एडिटिंग जवळजवळ लागत नाही आणि फुकट मिळणारे साधे रेकॉर्डर पुरतात. पैसे वाचवण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. म्हणून पुस्तिकेचे पहिले प्रकरण संहितेवर आहे आणि दोन रकान्यांचा कोरा तक्ताही तिथेच दिला आहे.

त्यांची बाजूबाजूला ठेवून शिकायची रीत मात्र आपल्याला जशीच्या तशी उचलता येत नाही. ती संगणकाच्या प्रयोगशाळेसाठी आहे आणि आपला बघणारा बहुतेक वेळा एकाच फोनवर असतो. ई-पीक पाहणीचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून पिकाची नोंद करायची पद्धत सुरू झाली. खातेदार निवडायचा, गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे आणि शेतात उभे राहून फोटो काढायचा. उमरठकडच्या किंवा वरंध खोऱ्यातल्या भातशेतकऱ्यासाठी याचा व्हिडिओ करायचा तर तो बघणार घरी किंवा रेंज असेल तिथे आणि काम करणार खाचरात, जिथे रेंज असेलच असे नाही. ज्या फोनवर अॅप उघडायचे त्याच फोनवर व्हिडिओ आहे, म्हणजे दोन्ही एकदम दिसणार नाहीत. मग दहा मिनिटांचा सलग धडा त्याच्या काय कामाचा? त्याला हवेत दीड-दोन मिनिटांचे तुकडे: एक तुकडा म्हणजे एक टप्पा, आणि शेवटी त्या टप्प्याचा स्थिर चित्रात गोषवारा, जो तो फोटोसारखा जपून ठेवू शकेल. तुकडे फोनमध्ये उतरवून घेता आले पाहिजेत, कारण खाचरात यूट्यूब चालेल या भरवशावर राहता येत नाही.

तुकड्यांचा दुसरा फायदा करणाऱ्याला होतो. सरकारी अॅपे आणि पोर्टले दर हंगामाला बदलतात. ई-पीक पाहणीचीच रूपे गेल्या काही वर्षांत अनेकदा पालटली. सलग व्हिडिओ असेल तर एक पडदा बदलला की सगळा धडा पुन्हा करावा लागतो. तुकडे असतील तर बदललेला तुकडा तेवढा नवा करायचा. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला महिना आणि वर्ष बोलून सांगण्याची सवय लावून घ्या. जुना व्हिडिओ बघून कुणाचा अर्ज चुकला तर त्याचे नुकसान खरे असते.

लांबीबद्दल एका अभ्यासाचाही आधार आहे. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणाऱ्याची साथ सहा मिनिटांच्या फार पुढे जात नाही, असे त्यांना दिसले. ते विद्यार्थी स्वतःहून नाव नोंदवलेले होते. आपल्या बघणाऱ्याकडे तेवढीही उसंत नसते.

अक्षराच्या आकाराबद्दल सांगायला मला लांब जावे लागत नाही. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर सुटे, सारखे आणि ठसठशीत असावे, तरुणपणी हौसेने काढलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगाचे नाही, तेव्हा मध्यम आकार धरावा, अशा अर्थाचा उपदेश त्यात आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपासून सुरुवात करून लिहिणाऱ्याच्या हातापर्यंत यायचे, हाच तो क्रम. लॅपटॉपवर सहज वाचता येणारे अक्षर पाच-सहा इंचांच्या फोनवर आडव्या व्हिडिओत मुंगीएवढे होते. उपाय सोपे आहेत: ब्राउझर दीडशे टक्क्यांवर मोठा करा, माउसचा बाण मोठा करा, नको त्या खिडक्या बंद करा. शाळांतल्या पुष्कळ लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ असते. तीच रेकॉर्ड करून वर १०८० पिक्सेलपर्यंत ताणली की फाइल फुगते आणि अक्षर उलट पुसट होते. आहे त्याच मापात रेकॉर्ड करावे.

आता फाइलचे वजन. १०८० पिक्सेलचा व्हिडिओ सेकंदाला अडीच हजार किलोबिट या वेगाने साठवला तर मिनिटाला सुमारे १९ एमबी होतात, म्हणजे दहा मिनिटांना १९० एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर घरातली दोन मुले शिकत असतील तर हा खर्च आईबापांच्या लगेच लक्षात येतो. स्क्रीनवर मात्र बहुतेक वेळ काहीच हलत नसते, त्यामुळे सेकंदाला ३० चित्रांची गरज नसते, १० ते १५ पुरतात. व्हिडिओसाठी पाचशे किलोबिट आणि आवाजासाठी चौसष्ट किलोबिट धरले तर मिनिटाला सव्वाचार एमबीच्या आसपास भागते आणि दोन मिनिटांचा तुकडा नऊ एमबीच्या आत बसतो. चित्रांची संख्या आणि हा वेग स्वतः ठरवू देते ते सॉफ्टवेअर चांगले. जे ‘उत्तम, मध्यम, साधे’ एवढेच विचारते ते आपल्या कामाचे नाही. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते आणि अक्षरे फिसकटतात, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

लाईट जाण्याचा प्रश्न सॉफ्टवेअरच्या निवडीत कोणी धरत नाही. आपल्याकडे तो धरलाच पाहिजे. डेस्कटॉपवर रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर साध्या एमपी४ स्वरूपातली फाइल बहुधा उघडत नाही, कारण त्या फाइलमध्ये कोणता भाग कुठे आहे याची नोंद रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सर्वांत शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधीच यंत्र बंद पडले तर अर्ध्या तासाची मेहनत हाती लागत नाही. एमकेव्ही स्वरूपात तसे होत नाही, वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. ओबीएस स्टुडिओ एमकेव्हीत रेकॉर्ड करून नंतर एका क्लिकवर, दर्जा न घटवता एमपी४ करून देते, आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांत असा धोका टाळणारे हायब्रिड एमपी४ही आहे. पावसाळ्यात इन्व्हर्टरशिवाय काम करणाऱ्याला ही एक सोय दहा आकर्षक सोयींपेक्षा जड आहे.

ओबीएस स्टुडिओ हीच संगणकासाठी माझी पहिली शिफारस आहे. ते फुकट आहे, मुक्त आहे, वॉटरमार्क टाकत नाही, वेळेची मर्यादा घालत नाही, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. पहिल्या दिवशी ते बोजड वाटते. सीन, सोर्स, ऑडिओ मिक्सर असे बरेच काही समोर येते आणि अनेकजण तिथेच बंद करतात. तिसऱ्या प्रकरणात त्यातली फक्त लागणारी बटणे दाखवली आहेत. एक अडचण खरी आहे: २०२२ मध्ये आलेल्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून ते विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. शाळेत जुनी यंत्रे असतील तर त्यावर लिनक्स टाकून सिंपलस्क्रीनरेकॉर्डर वापरणे हा मार्ग मला नवीन यंत्राची वाट बघत बसण्यापेक्षा बरा वाटतो.

मोबाइलवरची गोष्ट शिकवायची असेल तर मोबाइलचाच रेकॉर्डर वापरा. अँड्रॉइड ११ पासून तो फोनमध्येच येतो, वेगळे अॅप उतरवायची गरज नाही. सुरू करताना ‘स्पर्श दाखवा’ हा पर्याय चालू करावा, म्हणजे बोट कुठे लागले ते बघणाऱ्याला दिसते. बँकेची आणि पैशांची काही अॅपे सुरक्षेसाठी रेकॉर्डिंगमध्ये काळा पडदा दाखवतात. तो दोष नाही, ते तसेच असायला हवे.

कॅमटेशिया हे विकत घ्यायचे सॉफ्टवेअर. रेकॉर्डिंग आणि एडिटिंग एकाच ठिकाणी, हव्या त्या जागी स्क्रीन मोठी करून दाखवण्याची उत्तम सोय. क्लास चालवणाऱ्याला वर्षभर सतत व्हिडिओ करायचे असतील तर खर्च वसूल होईल. एखाद्या शिक्षकाला तो परवडण्यासारखा नाही आणि गरजही नाही. त्याच्या ‘क्रॅक’ प्रती पेन ड्राइव्हवरून फिरतात, त्या शाळेच्या यंत्रात घालू नका. चोरीचा प्रश्न आहेच, शिवाय त्याच यंत्रावर मुलांच्या आधारची आणि शिष्यवृत्तीची माहिती असते. लूमसारखी सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग थेट इंटरनेटवर चढवतात. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत ती उपयोगी असतील. जिथे अपलोडचा वेग पावसाबरोबर खालीवर होतो तिथे त्यांच्यावर धडे उभे करू नयेत. बँडिकॅमची फुकट आवृत्ती दहा मिनिटांवर थांबते आणि स्वतःचे नाव छापते. विंडोजचा गेम बार एकच खिडकी टिपतो, डेस्कटॉप किंवा फोल्डर टिपत नाही, त्यामुळे फाइल कुठे साठवायची हे शिकवताना तो अडतो. पॉवरपॉइंट असेल तर त्याच्या इन्सर्ट मेनूमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग आधीपासून आहे. पुष्कळांना हे माहीतच नसते.

आवाजाकडे चित्राहून जास्त लक्ष द्यावे. चित्र थोडे पुसट असले तरी माणूस बघतो, आवाज फाटला की बंद करतो. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग होत नाही, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ओबीएसमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करणारा फिल्टर आहे आणि पंख्याची घरघर तो बरीच काढतो. पत्र्यावरच्या धारांपुढे त्याचे काही चालत नाही. तेव्हा स्क्रीनचे रेकॉर्डिंग आणि निवेदन वेगवेगळे करा. स्क्रीन आज, आवाज पाऊस थांबेल तेव्हा, गाद्या-गोधड्या ठेवलेल्या खोलीत, कॉलरला माइक लावून. भाषा आपली असू द्या. ‘क्लिक करा’ म्हणायला हरकत नाही, ते सगळ्यांना कळते.

एक गोष्ट मात्र सक्तीची समजा. रेकॉर्डिंगमध्ये कुणाचाही खरा आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, खाते क्रमांक किंवा विद्यार्थ्याचे नाव दिसता कामा नये. अर्जाचा नमुना दाखवायला समोर बसलेल्या माणसाचाच अर्ज उघडण्याचा मोह होतो, आणि तो व्हिडिओ दहा गटांत फिरला की परत घेता येत नाही. नोटिफिकेशन बंद ठेवा, नाहीतर मधेच ओटीपी झळकतो. ज्या पडद्यावर माहिती झाकणे शक्य नसेल तो पडदा दाखवू नका, शब्दांत सांगा.

शेवटचे प्रकरण साठवणीवर आहे आणि ते वाचायचे टाळू नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत माणसाच्या उंचीच्या वर चढले. त्याच दिवसांत तळीये, केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळून माणसे गेली, त्या नुकसानीपुढे यंत्रांची काय कथा. पण त्यानंतर पंचनामे, मदतीचे अर्ज आणि हरवलेल्या दाखल्यांच्या नकला यांसाठी लोकांना ऑनलाइन खेपा घालाव्या लागल्या, आणि ते कसे करायचे हे दाखवणारी दुकाने-केंद्रे स्वतःच चिखलात होती. अशा वेळी उपयोगी पडणारा व्हिडिओ तळमजल्यावरच्या एकाच कपाटातल्या हार्ड डिस्कवर असून चालत नाही. मूळ फाइलची एक प्रत आपल्याकडे, एक पुराच्या रेषेबाहेर राहणाऱ्या सहकाऱ्याकडे आणि एक इंटरनेटवर ठेवावी. महाडच्या बाजारातल्याने पाचाडला, पोलादपूरच्याने कापड्याला कुणीतरी गाठून ठेवावा. संहितेचा कागदही सोबत जपावा, कारण तो असला तर धडा पुन्हा करायला एक दुपार पुरते.

प्रकरणे क्रमानेच वाचावीत असे नाही. ज्यांना फक्त मोबाइलवर काम करायचे आहे त्यांनी संहितेनंतर थेट पाचव्या प्रकरणाकडे जावे. मात्र काहीही उतरवून घेण्याआधी दोन मिनिटांचा एक चाचणी व्हिडिओ हाताशी असेल त्या साधनाने करावा, तो आपल्या माहितीतल्या सर्वांत जुन्या फोनवर पाठवावा आणि त्या फोनच्या मालकाला बघून ते काम करून दाखवायला सांगावे. तो जिथे अडेल ती जागा टिपून घ्यावी आणि पुस्तिकेत तो विषय शोधावा.